जुन्या सात ओळी, नव्या आठ

माझ्या धाकट्या भावाने केलेलं शेवटचं काम माझ्या हातून पुसलं गेलं, असं मी जवळजवळ महिनाभर समजत होते. ते पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खोटंही नव्हतं. नेमकं काय झालं होतं हे समजायला मला इतका वेळ लागला की आजही लिहायला बसलं की आधी काय सांगावं ते ठरत नाही.

कागदापासून सुरुवात करते, कारण सगळं कागदापासूनच सुरू झालं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बेंगळुरूला मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आम्ही मूळ निपाणीकडचे. मी नोकरीसाठी आधी इथे आले, मग सहा वर्षांनी भाऊ आला आणि माझ्याच दोन खोल्यांत राहू लागला. तो एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत असे. आमच्या ग्रंथालयाला एक संगणक आणि खडखड करणारा, सुयांनी टोचून छापणारा प्रिंटर मिळाला, तेव्हा त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसवून देण्याचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं. मला शिकवायचं म्हणून एका जाड कार्डावर आठ आज्ञा लिहून दिल्या. पहिली यादी पाहण्याची, तिसरी छापण्याची, सहावी फ्लॉपी कोरी करण्याची. ते कार्ड मी संगणकाला चिकटवलं होतं.

दर तिमाहीला नव्या पुस्तकांची यादी छापावी लागे. कागद लांबलचक जोडलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला, दर बारा इंचांवर फाडायची रेघ. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शीर्षक यायला हवं: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव. पहिल्या कागदावर ते माथ्यावर येई. दुसरं शीर्षक मात्र फाडायच्या रेघेच्या एक इंच वर, म्हणजे पहिल्याच कागदाच्या तळाशी छापलं जाई. तिसरं दोन इंच वर. असं ते सरकत सरकत कागदाच्या पोटात येई आणि बाराव्या कागदावर आपोआप पुन्हा माथ्यावर बसे. मी भावाला बोलावून दाखवलं.

"अक्का, हा छापायचा प्रोग्रॅम अमेरिकेत लिहिलाय," तो म्हणाला. "तिथला कागद अकरा इंची. आपला बारा इंची."

"मग सांग त्याला."

"कुणाला?"

"प्रोग्रॅमला. इथे कागद बारा इंची असतो म्हणून."

तो बराच वेळ हसत होता. घरी येईपर्यंत मधूनमधून हसत होता. जेवताना मात्र हसू थांबवून म्हणाला, "खरं म्हणजे सांगता येईल."

कसं सांगता येईल, हे त्याने मला पुढच्या काही रविवारी समजावलं, आणि मला ते अर्धंच समजलं. लिनक्सच्या दोन तबकड्या होत्या, सीडीच्या. पहिल्या तबकडीवर चालणारे प्रोग्रॅम. दुसऱ्या तबकडीवर तेच प्रोग्रॅम, पण माणसांनी ओळीओळीने लिहिले तसे. छापील पुस्तकासोबत लेखकाचं हस्तलिखितही पेटीत ठेवून द्यावं, तसं. कुणीही ते उघडावं, वाचावं, बदलावं. मला हे विचित्र वाटलं. माझ्या चाळीस हजार पुस्तकांपैकी एकाचंही हस्तलिखित माझ्याकडे नव्हतं.

बदल केला की अख्खं हस्तलिखित पुन्हा द्यायचं नाही. फक्त काय बदललं तेवढंच एका छोट्या फाइलीत लिहायचं. त्याला ते पॅच म्हणत. मी त्याला शुद्धिपत्र म्हणायचे. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, हे गाळावे, हे वाचावे. एवढा भाग मला नीट समजला होता.

पुढचा भाग समजला नाही. भावाबरोबर या कामात आणखी एकजण होता, नागपूरचा, दुसऱ्या एका कंपनीत काम करणारा. महादेवपुऱ्यात एका खोलीत राही. दोघांची ओळख लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका बैठकीत झाली होती. दोघांकडे तो प्रोग्रॅम होता आणि दोघांकडे त्याच्या आजवरच्या प्रत्येक बदलाची नोंद होती: कुणी बदललं, कधी, आणि का, याची एक चिठ्ठी. आवृत्त्या सांभाळणारा एक वेगळा प्रोग्रॅम हे करी. दर रविवारी दोघं एकमेकांना आठवड्याचे बदल फ्लॉपीवर देत आणि दोघांच्या नोंदी पुन्हा सारख्या होत.

"मग खरी नोंदवही कुणाकडची?" मी विचारलं होतं.

"दोघांकडची," भाऊ म्हणाला.

"एकाची मूळ आणि एकाची नक्कल असणार ना?"

"नाही ताई, इथे तसं नसते," नागपूरचा मध्ये पडला. तो त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होता. "उद्या माझं घर जळालं तरी याच्याकडे अख्खी वही राहते. याचं जळालं तर माझ्याकडे."

"तुझंच जळू दे आधी," भाऊ म्हणाला. "माझ्या घरात अक्काची पुस्तकं आहेत."

मी हसले, पण माझं समाधान झालं नाही. ग्रंथालयात दाखल नोंदवही एकच असते. ती कपाटात कुलूपबंद असते. दोन असल्या तर त्यातली कोणती खरी, यावरून लेखापरीक्षक दोन दिवस बसतो.

भावाला कावीळ झाली आणि ती चढत गेली. एका शुक्रवारी संध्याकाळी तो ऑफिसातून ताप घेऊन आला, आणि पुढच्या शुक्रवारनंतर तीन दिवसांनी गेला. दवाखान्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मला ते क्रमाने आठवत नाही, आणि क्रम लावावासा वाटत नाही.

त्या पहिल्या शुक्रवारची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ताप असूनही तो खुशीत होता. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन त्याने नागपूरच्या मित्राला फोन केला. मी सोबत गेले होते, बूथच्या काचेबाहेर उभी होते. त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "झालं रे. बारा इंच झाले. तीन जागी बदलावं लागलं. रविवारी देतो." मग बाहेर येऊन मला म्हणाला, "अक्का, तुझं शीर्षक आता जागचं हलणार नाही." रविवारी तो दवाखान्यात होता. फ्लॉपी द्यायची राहिली.

बारा-तेरा दिवसांनी त्याच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले. घरचा संगणक ऑफिसचा होता. त्यांनी अदबीने चौकशी केली, पाणी प्यायले, आणि म्हणाले की यात काही खाजगी असेल तर काढून घ्या, कारण तो साफ करून दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. नागपूरचा तेव्हा नागपूरला गेला होता. त्याला अमेरिकेची नोकरी मिळाली होती आणि कागदपत्रं करायची होती. मी म्हटलं, फ्लॉप्या आहेत, सगळं त्यात असेल. ते संगणक घेऊन गेले.

फ्लॉप्या बावीस होत्या. एकवीस जणींवर भावाच्या अक्षरात तारखा होत्या. एकीवर काहीच नव्हतं.

पुढे मी जे केलं ते ग्रंथपालानेच करावं असं होतं. कॉलेजात तारीख असलेली एकेक फ्लॉपी घालून पाहिली. कार्डावरची पहिली आज्ञा दिली की प्रत्येकीत तीच नावं दिसत. तोच प्रोग्रॅम, त्याच फाइली. एकवीस प्रती. आम्ही पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुन्या प्रती बाद करतो. जागा कमी असते. मी सगळ्यांत अलीकडच्या तारखेची फ्लॉपी ठेवली. बाकीच्या बाद केल्या. ग्रंथालयात फ्लॉप्या कायम कमी पडत, म्हणून सहावी आज्ञा देऊन त्या कोऱ्या केल्या. आणि सगळ्यांत पहिली कोरी केली ती बिनलेबलाची. तिच्यात काय आहे हे मी पाहिलंसुद्धा नाही. ज्या वस्तूवर लेबल नाही ती संग्रहातली नव्हे, हे मी वीस वर्षं इतरांना शिकवत आले होते.

हे मी दुःखात, बधिर होऊन केलं असं म्हटलं तर ते बरं दिसेल. तसं नव्हतं. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं होतं. काहीतरी आवरलं जात होतं.

नागपूरचा परत आला तो थेट घरी आला. दारातच रडला, मग चहा घेतला, मग फ्लॉप्यांचं विचारलं. मी सांगितलं.

"काहून हो ताई?" तो म्हणाला. "काहून असं केलं?"

"सारख्याच होत्या ना."

"नावं सारखी. आतलं दर आठवड्याचं वेगळं." मग माझा चेहरा पाहून त्याने घाईघाईने सूर बदलला. "थांबा, थांबा. काही गेलं नाही. माझ्याकडे अख्खी वही आहे ना. त्याची एकूणएक चिठ्ठी आहे. आपलं तेच तर ठरलं होतं, एकाचं जळालं तर दुसऱ्याचं."

तेव्हा मला त्या दोन नोंदवह्यांचा अर्थ पहिल्यांदा थोडासा समजला. मी श्वास सोडला. आणि तो म्हणाला, "फक्त शेवटचा रविवार राहिला होता. तो बारा इंचवाला बदल. तो कोणत्या फ्लॉपीत होता?"

मी त्याला बिनलेबलाच्या फ्लॉपीचं सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या ऑफिसात फोन केला. कर्मचाऱ्याचं संगणकावरचं खातं बंद केलं की त्यातलं सगळं जातं, संगणकही साफ झाला आहे, असं तिथल्या बाईंनी फार हळू आवाजात सांगितलं. मी थँक यू म्हटलं.

नागपूरचा म्हणाला, "ताई, तीन जागचं काम आहे. कुठे बदलायचं ते मला अंदाजाने माहीत आहे. मी लिहून टाकतो. तुमचं शीर्षक जागेवर बसेल."

"मग ते तुझं होईल," मी म्हटलं.

तो म्हणाला, "हो. माझं होईल. तेही खरं आहे."

त्यानंतरचे दिवस मला धूसर आठवतात. मी कामावर जात होते. मला नेमकं कशाचं वाईट वाटतंय हेच उलगडत नव्हतं. तो प्रोग्रॅम मी वाचू शकत नव्हते. त्यातली एक ओळही मला कळली नसती. दुसऱ्या कुणी लिहिला असता आणि भावाचाच म्हणून मला दाखवला असता, तरी मला फरक कळला नसता. मग काय गेलं होतं? मी मनाशी म्हणे, काही नाही. आणि मग यादी छापायला घेतली की शीर्षक एक इंच वर सरके, पुढच्या वेळी आणखी एक इंच, आणि मी प्रिंटर बंद करून टाके.

नागपूरचा महिन्याच्या शेवटी जाणार होता. त्याच्याकडची वहीही त्याच्याबरोबर जाणार होती.

असंच एका दुपारी गणिताच्या एक प्राध्यापिका मागणी चिठ्ठी घेऊन काउंटरवर आल्या. पुस्तकाचं नाव लिहून द्यायच्या या चिठ्ठ्या आम्ही रद्दी कागदाच्या कोऱ्या पाठीवर करत असू. बाई चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाल्या, "हिंदे एनो प्रिंट आगिदे." मागे काहीतरी छापलंय, चालेल ना?

"सरी, चालेल," मी म्हटलं आणि चिठ्ठी घेतली. मागे दहा-बारा इंग्रजी ओळी होत्या, कंसांनी भरलेल्या. दोन ओळींच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह होतं. एका ओळीच्या सुरुवातीला उणे.

मला ते चिन्ह माहीत होतं. शुद्धिपत्र. उणे म्हणजे गाळावे, अधिक म्हणजे वाचावे.

भाऊ छापून पाहिलेले खराब कागद ऑफिसातून माझ्यासाठी गठ्ठ्याने आणायचा, चिठ्ठ्यांसाठी. त्या शुक्रवारीही ताप असताना त्याने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला होता. नवा बदल चालतो का हे पाहायला त्याने जे हाताशी होतं तेच छापलं असणार, म्हणजे तो बदलच. शनिवारी सकाळी मी तो गठ्ठा कॉलेजात नेला आणि नेहमीप्रमाणे कात्रीने आडव्या पट्ट्या कापल्या. भाऊ तापाने घरी पडून होता आणि मी एकदाही कागदाची दुसरी बाजू पाहिली नव्हती.

वापरलेल्या चिठ्ठ्या आम्ही लगेच फेकत नसू. कोणत्या विषयाला किती मागणी, ते मोजायला तीन महिने पेटीत ठेवत असू. मी पेटी जमिनीवर ओतली. शिपाईमामा म्हणाले, "अक्का, एन हुडुकतीरी? मी शोधतो ना." मी त्यांना काय शोधायला सांगणार होते? अधिक आणि उणे? मी एकटीच बसले. त्या दिवशी आणखी एक पट्टी मिळाली, दुसऱ्या दिवशी तिसरी. एकीच्या पाठीवर कुणीतरी भूमितीचं पुस्तक मागितलं होतं, एकीच्या पाठीवर पाककृतींचं. कापलेल्या कडा जुळवल्या तर तिन्ही एकाखाली एक नीट बसत होत्या. तिसरीची खालची कडाही कात्रीनेच कापलेली होती, पण चौथी पट्टी मिळाली नाही. काउंटरवरच्या कोऱ्या चिठ्ठ्याही पाहिल्या. नव्हती.

रविवारी सकाळी मी मॅजेस्टिकहून होसकोटेची बस धरली, के. आर. पुरमला उतरले आणि तिथून रिक्षाने महादेवपुऱ्याला गेले. रिक्षावाल्याला पत्ता सापडेना. "स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे", थोडं पुढे, थोडं पुढे, करत त्याने मला नीलगिरीच्या झाडांपाशी सोडलं. नागपूरच्याच्या खोलीत अर्धं सामान बांधून झालं होतं. संगणक मात्र टेबलावर होता. मी पर्समधून पुस्तक काढलं, पुस्तकातून तीन पट्ट्या.

त्याने त्या हातात घेतल्या नाहीत. टेबलावर ठेवायला सांगितल्या, शर्टाला हात पुसले आणि मग वाकून वाचू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हाच आहे बाप्पा."

पहिल्या पट्टीवरच्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. प्रोग्रॅमला कळण्यासाठी नव्हे, माणसाला कळावं म्हणून लिहिलेली ओळ होती ती. इंग्रजीत होती. अर्थ असा होता: इथे कागद बारा इंची असतो.

मी ते वाक्य ओळखलं. ते माझं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. तो टंकत होता, मी वाचून दाखवत होते. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रितं मी अशीच वाचली आहेत, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. फरक एवढाच, की इथे मला काय वाचतेय ते कळत नव्हतं. अधिक. कंस सुरू. अर्धविराम. बरोबरचं चिन्ह दोनदा. मध्ये केवढी जागा सोडायची, असं त्याने विचारलं, तर कागदावर नुसती पोकळी दिसत होती. "राहू द्या, पोकळीकडे दुर्लक्ष कर असं त्याला सांगता येते," तो म्हणाला. तीसेक ओळींना तास लागला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतलं. दोन चुका सापडल्या, दोन्ही त्याच्या.

"ताई, तुम्ही कंपनीत का नाही येत?" तो म्हणाला.

"तुम्ही लोक लेबलं लावत नाही," मी म्हटलं.

त्याने आज्ञा दिली. संगणकाने पहिला बदल घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्यावर अडला.

नागपूरच्याने पडद्यावर पाहिलं, पट्टीवर पाहिलं. "एक ओळ कमी आहे," तो म्हणाला. "शेवटची. कात्रीत गेली."

म्हणजे ती चौथ्या पट्टीवर होती. सगळ्यांत शेवटी लिहिलेली ओळ.

"तुला कसं कळलं एकच आहे ते?"

त्याने दाखवलं. प्रत्येक बदलाच्या डोक्यावर आकडे असतात. या भागात जुन्या किती ओळी, नव्या किती. तिसऱ्या बदलाच्या डोक्यावर होतं: जुन्या सात, नव्या आठ. आमच्याकडे भरत होत्या जुन्या सहा, नव्या सात.

"मी अंदाजाने टाकू का काही?"

"नको," मी म्हटलं. "थांब जरा. मला नीट सांग. उणेची ओळ कशात मोजतात?"

"फक्त जुन्यात. ती गाळलेली असते ना."

"आणि अधिकची?"

"फक्त नव्यात."

"आणि ज्यांच्यापुढे काहीच चिन्ह नाही?"

"त्या शेजारच्या. जागा ओळखू यावी म्हणून दाखवतात. त्या दोन्हीकडे सारख्याच, म्हणून दोन्हीत मोजतात."

मी पाठीवर भूमितीचं पुस्तक मागितलेल्या पट्टीकडे पाहत बसले. आकडेमोड मला येते. दरवर्षी साठा तपासताना कपाटात किती, वाचकांकडे किती, बांधणीला किती, हेच तर करते मी.

"जुन्यात एक कमी आहे," मी म्हटलं. "नव्यातही एक कमी. गेलेली ओळ त्याची असती तर फक्त नव्यात कमी पडली असती."

तो वळून माझ्याकडे पाहू लागला.

"मग ती बिनचिन्हाची आहे," मी म्हटलं. "नाही का? की एक उणेची आणि एक अधिकची अशा दोन गेल्या असतील? तरी हिशोब हाच येईल." आणि हे सुचल्यावर मला पुन्हा काही कळेनासं झालं.

त्याने पट्टी उजेडात धरली. "नाही," तो सावकाश म्हणाला. "बदल संपला की खाली तीन शेजारी असतातच. पहिल्या बदलाखाली तीन आहेत, दुसऱ्याखाली तीन. इथे दोनच. तिसरा शेजारी गेला. ताई, ती त्याची ओळ नाहीच. ती मूळ प्रोग्रॅमची आहे. तबकडीवर आहे. सगळ्या जगाकडे आहे!"

त्याने मूळ प्रोग्रॅम उघडला, ती जागा काढली. गेलेल्या ओळीत एकच अक्षर होतं, अक्षरही नव्हे, बंद होणारा महिरपी कंस. त्यापलीकडे काही नाही.

त्याने तो टंकला. संगणकाने तिसरा बदल घेतला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण गेलेली ओळ त्याची नव्हती, आणि महिनाभर मी ज्यांच्यासाठी झुरत होते त्या त्याच्या सगळ्या ओळी पाककृती आणि भूमितीच्या पाठीवर सुखरूप बसून होत्या. माझ्या काउंटरवर, माझ्या हाताखाली. मी काय गमावलं होतं आणि मला काय मिळालं, ते मला मांडता येईना. नागपूरचा मात्र खोलीत फेऱ्या मारत होता.

मग तो बसला. नव्या बदलाची नोंद वहीत करायची होती. "नाव कोणाचं? मी आता बसलोय म्हणून हा संगणक माझंच टाकून राहिला आहे. पण त्याचं टाकता येते. तारीखही त्या शुक्रवारची देता येते."

"हे खोटं नाही ना होत?"

"ताई, टायपिस्टचं नाव तुम्ही पुस्तकावर टाकता का?"

मी नाही म्हटलं. त्याने भावाचं नाव टाकलं, शुक्रवारची तारीख टाकली. शेवटी चिठ्ठी राहिली. बदल का केला, त्याची. भावाने ती लिहिली असेल तर पुसलेल्या फ्लॉपीत लिहिली असणार. कागदावर ती नव्हती. ती तेवढी खरोखर गेली होती. नागपूरचा बोटं कळांवर ठेवून माझ्याकडे पाहत थांबला.

मी जुन्या, फाटक्या पुस्तकांच्या कार्डावर जशी टीप लिहिते तशी सांगितली, आणि त्याने ती इंग्रजीत लिहिली. बारा इंची कागदासाठी बदल. छापील पट्ट्यांवरून उतरवला. शेवटची एक ओळ मूळ प्रतीवरून घेतली. बदल करणाऱ्याची स्वतःची चिठ्ठी उपलब्ध नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कॉलेजात येऊन तो प्रोग्रॅम बसवून दिला. आम्ही तिमाहीची यादी छापली. शीर्षक पहिल्या कागदावर माथ्यावर आलं, दुसऱ्यावर आलं, तिसऱ्यावर आलं. मी मोजपट्टी घेऊन मोजत होते. बाराव्या कागदापर्यंत मोजलं, कारण पूर्वी तिथेच ते परत जागेवर यायचं, आणि त्यानंतर मोजायचं सोडून दिलं.

जाताना त्याने मला एक फ्लॉपी दिली. "यात अख्खी वही आहे. माझ्याकडे आहे तशीच. आता तुमच्याकडे पण."

मी तिथेच, त्याच्यासमोर, लेबल चिकटवलं. तो हसला. मग मी कपाट उघडून दाखल नोंदवही काढली. दाखल क्रमांक घातला, लेखकाचं नाव घातलं, विषय घातला. प्रत क्रमांकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"ही कितवी प्रत म्हणायची?" मी विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. "तसं नसते ताई. किती वेळा सांगून राहिलो."

तो अमेरिकेला गेला. नोंदवही अजून त्याच कपाटात आहे, आणि तो रकाना कोरा आहे. साठा तपासताना कुणीतरी त्यावर बोट ठेवतं, आणि मी म्हणते, राहू द्या, विचारून भरते.